निकाल लांबणीवर, कर्तव्य नव्हे

(अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासंदर्भात विद्यार्थी, पालक आणि आजी-आजोबा यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचा प्रारंभ एका घरापासून करणे योग्य ठरेल. हे घर कल्पनेतले आहे. पण अशी घरे आज अमेरिकेत असंख्य आहेत आणि त्यांचे दुसरे टोक पुण्यात, ठाण्यात, नागपुरात आहे. डिसेंबरचा मध्य आहे. न्यूजर्सीतील एडिसन गावी संध्याकाळचे सात वाजले आहेत. बारावीत शिकणारी मुलगी संगणकासमोर बसली आहे. आई-बाबा कामावरून लवकर परतून तिच्या मागे उभे आहेत. मुलगी शाळेत पहिल्या काही जणांत आहे, गणितात तिला विशेष गती आहे, सॅट परीक्षेत उत्तम गुण आहेत आणि दर रविवारी ती बालगोकुळममध्ये लहान मुलांना शिकवते. अर्ज १ नोव्हेंबरपूर्वीच गेला आहे. शिक्षक, शेजारी, नातेवाईक अशा सर्वांनी तिचा प्रवेश गृहीतच धरलेला आहे.

पत्र उघडते. त्यात अभिनंदन नाही आणि नकारही नाही. ‘आपल्या अर्जाचा निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे’ एवढेच आहे.

पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आजी देवापाशी निरांजन लावून दूरध्वनीजवळ बसलेली असते.

“काय गं बाळा, लागला का निकाल? पास झालीस ना?”

“आजी, पास पण नाही आणि नापास पण नाही. थांबायला सांगितलंय.”

“थांबायला? कशासाठी?”

आजीच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर मुलीपाशी नसते, तिच्या उच्चविद्याविभूषित आई-बाबांपाशीही नसते. ते उत्तर शोधणे आणि ते मिळेपर्यंतचे दिवस कसे काढावेत याचा विचार करणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

‘डिफर’ म्हणजे काय?

अमेरिकेतील बहुतेक नामांकित महाविद्यालयांत प्रवेशाचे दोन टप्पे असतात. पहिला लवकरचा. त्याचा अर्ज साधारणतः नोव्हेंबरच्या आरंभी जातो आणि निर्णय डिसेंबरच्या मध्याला कळतो. दुसरा नेहमीचा. त्याचा अर्ज जानेवारीच्या आरंभी जातो, निर्णय मार्चअखेर येतो आणि प्रवेश घ्यायचा की नाही हे विद्यार्थ्याने बहुधा १ मेपर्यंत कळवायचे असते. लवकरच्या टप्प्यातही प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असते. प्रवेश मिळाला तर तेथेच जावे लागते. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये असे बंधन नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड येथे बंधन नसले, तरी त्याच वेळी अन्य खासगी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करण्यावर निर्बंध आहेत.

डिसेंबरमध्ये तीनपैकी एक उत्तर येते. प्रवेश, नकार किंवा ‘डिफर’. डिफर याचा अर्थ, अर्ज फेटाळलेला नाही. तो नेहमीच्या टप्प्यातील अर्जांत मिसळला जाईल आणि मार्चमध्ये त्याचा पुन्हा विचार होईल. यातील एक महत्त्वाची गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बंधनकारक अर्ज डिफर झाला की विद्यार्थ्यावरील बंधन संपते. पुढे कोठेही प्रवेश मिळाला तर तो स्वीकारण्यास ती मुलगी मोकळी असते.

आपल्याकडील पद्धत याहून वेगळी आहे. आयआयटीची प्रवेश परीक्षा असो वा राज्याची सीईटी, गुण आणि क्रमांक डोळ्यांसमोर असतात. प्रवेश एका गुणाने हुकला तर दुःख होते, पण कारण कळते. अमेरिकेतील पत्रात कारण लिहिलेले नसते. कारण न कळता आलेला निर्णय मनाला अधिक कुरतडतो. आपल्यातच काही उणीव असेल, असे त्या वयातील मन स्वतःलाच सांगू लागते.

आकडे काय सांगतात?

म्हणून प्रथम आकडे समोर ठेवले पाहिजेत. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डने लवकरच्या टप्प्यातील ७,९२१ अर्जांवर निर्णय दिला. प्रवेश मिळाला ६९२ जणांना. थेट नकार मिळाला सुमारे आठ टक्क्यांना. उरलेले सुमारे ८३ टक्के, म्हणजे साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थी डिफर झाले. एमआयटीतही डिफर होणाऱ्यांची संख्या प्रवेश मिळणाऱ्यांच्या कितीतरी पट असते. स्टॅनफर्ड मात्र फार थोड्यांना डिफर करते; शक्यतो अंतिम उत्तर देऊन टाकण्याकडे तिचा कल असतो. तेव्हा एकाच गुणवत्तेच्या विद्यार्थ्याला एका ठिकाणी ‘थांबा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते. हा फरक संस्थांच्या कार्यपद्धतीतला आहे.

पण या आकड्यांची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. त्याच वर्षी हार्वर्डकडे एकूण ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. लवकरचे ६९२ वजा केले तर नेहमीच्या टप्प्यात १,२४५ उरतात. डिफर झालेले आणि नव्याने अर्ज केलेले मिळून बावन्न हजारांहून अधिक विद्यार्थी त्या जागांसाठी रांगेत होते. शंभरात दोन ते अडीच, हे ते प्रमाण. आशा आहे, पण ती बारीक आहे. ‘तुझं होणारच’ असे सांगून मार्चपर्यंत मुलीला झुलवत ठेवणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

मग गुणवान विद्यार्थी डिफर का होतात? महाविद्यालय एकेका विद्यार्थ्याची निवड करीत नाही, ते एक संपूर्ण वर्ग उभा करते. त्यात संघासाठी खेळाडू हवे असतात, वाद्यवृंदासाठी वादक हवे असतात, कमी विद्यार्थी असलेल्या विषयांसाठी उमेदवार हवे असतात, निरनिराळ्या राज्यांतील मुले हवी असतात. अनेक खासगी संस्थांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांनाही झुकते माप मिळते. डिसेंबरमध्ये संस्थेला नेहमीच्या टप्प्यात कोण येणार हे ठाऊक नसते. म्हणून ती चांगले अर्ज हाताशी ठेवते. ‘कशासाठी थांबायचं?’ या आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. संस्थेला स्वतःच्या सोयीसाठी वेळ हवा आहे. त्या पत्रात मुलीच्या योग्यतेचे मोजमाप नाही.

‘व्यक्तिमत्त्वाची पारख’ आणि तिचा इतिहास

गुणांच्या पलीकडे जाऊन संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहण्याची ही पद्धत ऐकायला उदात्त वाटते आणि तिच्यात काही चांगलेही आहे. परंतु तिचा इतिहास भारतीय पालकांनी जाणून घ्यावा असा आहे. १९२० च्या दशकात केवळ परीक्षेच्या बळावर प्रवेश मिळवणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या हार्वर्डमध्ये पाचव्या हिश्श्यावर गेली. तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये त्या संख्येवर मर्यादा घालण्याची कल्पना मांडली. उघड मर्यादेला विरोध झाला. त्यानंतर १९२६ पासून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना अधिक वजन देणारी पद्धत आली आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण खाली आले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा सर्व इतिहास सविस्तर मांडला आहे.

जवळजवळ शतकानंतर तोच प्रश्न आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांसंबंधी उभा राहिला. २०१४ मध्ये हार्वर्डविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात असे पुढे आले, की अभ्यासात अग्रेसर असलेल्या आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिगत गुणां’च्या रकान्यात सरासरीने कमी श्रेणी मिळत होती. भेदभाव केल्याचे हार्वर्डने नाकारले आणि कनिष्ठ न्यायालयांनी तिच्या बाजूने निर्णयही दिले. अखेर २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली.

हे सांगण्याचा हेतू तक्रारीचा सूर लावण्याचा नाही. प्रत्येक डिफरमागे अन्याय शोधू लागलो, तर मुलांच्या मनात केवळ कडवटपणा उरेल. हेतू एवढाच, की ज्या तराजूचे काटे काळानुसार आणि सोयीनुसार हलत आले, त्या तराजूने दिलेल्या उत्तरावर आपल्या मुलीने स्वतःची किंमत ठरवू नये.

स्वत्वाची परीक्षा

खरा कसोटीचा क्षण डिसेंबरच्या पत्रानंतर येतो. एडिसनच्या त्या घरी आता सल्लागार येतात. कोणी पैसे घेऊन सल्ला देतो, कोणी फुकट. “इतर अर्जांत बालगोकुळमचा उल्लेख गाळा. गणित, शास्त्रीय नृत्य, बुद्धिबळ हे सगळं ठरावीक भारतीय वाटतं. काही तरी वेगळं दाखवा.” आशियाई वंशाच्या मुलांनी अर्जात ‘कमी आशियाई’ दिसावे, असा सल्ला दिला जातो, हे तेथील वृत्तपत्रांतूनच प्रसिद्ध झालेले आहे. आई-बाबा हादरलेले असतात. जेवणाच्या टेबलावर बाबा म्हणतात, “एवढं गाळलं तर काय बिघडतं?” आणि सतरा वर्षांची मुलगी प्रथमच आपल्या आई-वडिलांकडे परक्यासारखी पाहते. ज्या गोष्टींचा संस्कार त्यांनी लहानपणापासून केला, त्याच आता लपवायच्या?

या ठिकाणी एका मराठी मुलीची आठवण करणे अपरिहार्य आहे. अमेरिकेतील महाविद्यालयाच्या दाराशी उभी राहिलेली ती आपली पहिली मुलगी, डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत गेले आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव यांनी तिच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशनरी मंडळींकडे पत्रव्यवहार केला. पूर्वी कोल्हापुरात राहिलेले मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या नियतकालिकात हा पत्रव्यवहार छापला गेला. वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याकडे होता. जोशी दांपत्याने ती वाट स्वीकारली नाही. दार तेथेच बंद झाले असते.

पण तेच नियतकालिक न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडले. दंतवैद्याकडे आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असताना त्यांनी ते वाचले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी १८८० मध्ये आपणहून पत्र लिहिले आणि दोन परक्या स्त्रियांमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले. तरीही प्रत्यक्ष प्रयाणाला १८८३ साल उजाडले. मधली वर्षे प्रकृती अस्वास्थ्याची, पैशांच्या विवंचनेची आणि लोकनिंदेची होती. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून या मुलीने सांगितले, की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. तेथील थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळून तिने अभ्यास केला, प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात तिचे निधन झाले. रुग्णसेवेचे स्वप्न अपुरे राहिले. पण तिने मागे ठेवलेला आदर्श अपुरा नाही.

दोन गोष्टी येथे ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्रवेशासाठी स्वत्व गहाण टाकण्याची गरज तिला वाटली नाही. दुसरी, तिला मदतीचा हात देणारी स्त्री ख्रिस्ती आणि अमेरिकनच होती. स्वत्व राखणे म्हणजे जगाशी वैर धरणे नव्हे. प्रामाणिकपणे ‘मी ही अशी आहे’ असे सांगणाऱ्याला मित्रही तितकेच प्रामाणिक मिळतात. रोझेल आणि एडिसन ही एकाच राज्यातली, एकमेकांपासून फार दूर नसलेली गावे आहेत. तेथील प्रत्येक मराठी मुलीला हा इतिहास ठाऊक असायला हवा.

जानेवारी ते मार्च

आता व्यवहाराकडे वळू. डिसेंबरच्या त्या रात्री मुलीला रडू द्यावे. दोन दिवस घरात हा विषय काढू नये. तिसऱ्या दिवशी कामाला लागावे, कारण अन्य महाविद्यालयांच्या अर्जांची मुदत पंधरा दिवसांवर आलेली असते.

पहिले काम, ते उरलेले अर्ज. पहिल्या पसंतीच्या भरवशावर हे अर्ज पुष्कळ मुलांनी अर्धवट ठेवलेले असतात. यादीत आपल्या राज्याचे विद्यापीठ आणि ज्यात प्रवेश बहुधा मिळेल अशा दोन-तीन संस्था अवश्य असाव्यात. त्याही मनापासून आवडलेल्या असाव्यात. काही महाविद्यालयांत बंधनकारक अर्जाचा दुसरा टप्पाही जानेवारीत असतो. पण रागाच्या किंवा अपमानाच्या भरात नवे बंधन स्वीकारू नये. खर्चाचा हिशेब आधी मांडावा.

दुसरे काम, डिफर करणाऱ्या संस्थेच्या सूचना शब्दशः वाचणे. काही संस्था नवी माहिती मागवतात, काहींना ती नको असते. एमआयटीत फेब्रुवारीत भरायचा एक छोटा फॉर्मच असतो. जेथे पत्र चालते तेथे एक पानी पत्र पाठवावे. येथे शिकण्याची इच्छा अद्याप कायम आहे, नोव्हेंबरनंतर अभ्यासात आणि कार्यात ही भर पडली, आणि याच संस्थेत शिकायचे आहे ते या कारणासाठी, एवढे तीन मुद्दे पुरेत. त्यात गाऱ्हाणे नको, आर्जव नको आणि सल्लागाराने घासून गुळगुळीत केलेली भाषा तर मुळीच नको. बालगोकुळममधील मुलांना गणिताची गोडी लावली असेल तर ते स्वच्छ शब्दांत लिहावे. खरे काम सांगण्यात संकोच कसला? ओळखीच्या मोठ्या माणसांची ढीगभर शिफारसपत्रे पाठवणे, वडिलांनी कार्यालयात दूरध्वनी करणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

तिसरे काम, शाळेचा अभ्यास. सहामाहीचे गुण शाळेतील समुपदेशकामार्फत महाविद्यालयाकडे जातात आणि फेरविचारात त्यांना महत्त्व असते. निराशेपोटी हेच गुण घसरले, तर हातचे जे आहे तेही जाते.

एवढे केल्यावर निकाल आपल्या हाती उरत नाही. गीतेतील निष्काम कर्मयोगाचा पाठ आपण लहानपणापासून ऐकतो. कर्म नेटाने करावे आणि फळाच्या चिंतेने कर्म बिघडू देऊ नये, हा त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सतराव्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवण्याची संधी या तीन महिन्यांत मिळते.

पालकांचे पथ्य

या प्रसंगात मुलांपेक्षा पालकांचीच परीक्षा अधिक असते. स्पष्ट बोलायचे तर, डिसेंबरच्या त्या पत्राने पुष्कळदा आई-वडिलांचा अभिमान दुखावलेला असतो. मंडळाच्या कार्यक्रमात काय सांगायचे, भारतातल्या नातेवाइकांना काय कळवायचे, ही चिंता मुलीच्या दुःखाच्या पुढे उभी राहते. ‘अमक्याच्या मुलाला मिळालं’ हे एक वाक्य घरात उच्चारले जाणार नाही, एवढा निश्चय पालकांनी केला तरी निम्मे काम होते. आजी-आजोबांनीही दर आठवड्याला ‘काही कळलं का?’ असे विचारणे थांबवावे आणि नात काय वाचते आहे, काय करते आहे हे विचारावे.

संस्थेच्या नावाचे महत्त्व किती, याचाही विवेक हवा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की सारख्याच योग्यतेच्या विद्यार्थ्यांपैकी अतिनिवडक महाविद्यालयांत गेलेले आणि न गेलेले यांच्या पुढील कमाईत सर्वसाधारणपणे फारसा फरक पडला नाही. गरीब घरांतील मुलांना मात्र त्या महाविद्यालयांचा लाभ झाला. २०२३ मधील राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या अभ्यासातही सरासरी उत्पन्नात मोठा फरक दिसला नाही, परंतु अत्युच्च उत्पन्नाच्या गटात पोहोचण्याची शक्यता या संस्थांमुळे वाढते असे दिसले. म्हणजे नावाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे खोटे ठरेल; पण नावावाचून आयुष्य अडते असे म्हणणे त्याहून खोटे आहे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची कथा ‘अग्निपंख’मधून घरोघरी पोहोचली आहे. वायुदलात वैमानिक होण्याच्या इच्छेने ते १९५८ मध्ये डेहराडूनच्या निवडमंडळापुढे गेले. पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा होत्या आठ. खिन्न मनाने ते हृषीकेशला गेले, गंगास्नान केले आणि शिवानंद आश्रमात स्वामी शिवानंदांना भेटले. रामेश्वरच्या त्या मुसलमान तरुणाला स्वामींनी जवळ बसवून धीर दिला आणि त्याची नियती दुसरीकडे आहे हे समजावले. दिल्लीला परतून कलाम तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयात अडीचशे रुपये मूळ वेतनाच्या नोकरीवर रुजू झाले. १८ जुलै १९८० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला आणि २००२ मध्ये ते राष्ट्रपती झाले. आठ जागांच्या त्या यादीने नवव्या माणसाचे आयुष्य ठरवले नाही.

बंधुभगिनींनो, अशा वेळी घरात स्वामी शिवानंदांसारखे कोणी तरी असावे लागते. ते काम आई-वडिलांचे आहे, आजी-आजोबांचे आहे आणि परदेशातील आपल्या सामाजिक कार्यकर्त्यांचेही आहे. प्रवेश मिळालेल्यांचे सत्कार आपण मोठ्या उत्साहाने करतो. ज्या घरी ‘थांबा’ असे पत्र आले आहे, त्या घरी त्याच आठवड्यात कोणी जाते का? तेथे जाऊन चहा घ्यावा, मुलीशी चार गोष्टी बोलाव्यात आणि पुढच्या रविवारच्या वर्गाची तयारी तिच्याकडेच सोपवावी. आपली गरज कोणाला तरी आहे, हे कळण्याने तरुण मन फार लवकर उभारी धरते.

मार्चअखेर पत्र येईल. त्यात होकार असेल वा नकार असेल. ऑगस्टच्या अखेरीस मुलगी कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात निघेल. त्या दिवशी तिच्या सामानात संस्थेच्या नावापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी असाव्यात. एक, अर्जात एकही खोटे अक्षर न लिहिल्याचे समाधान आणि दुसरी, कठीण काळात आई-बाबा आपल्या बाजूला उभे होते ही आठवण. या दोन गोष्टी देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही निवड समितीची परवानगी लागत नाही.